टाकी फुल केली का, मामा?

दिवाळी अंकात धंद्याचे अनुभव लिहायला लोक केस पांढरे झाल्यावर बसतेत. माझ्या तर मिशीला अजून नीट धार न्हाई. पण आमच्या परभणीत अंक काढणारे गुरुजी म्हणले, "तुझी मोटार म्हातारी हाय का न्हाई? मंग तिचं वय धर आन लिही." मोटारीच्या वयानं धरलं तर मी आताच पेन्शनीत बसतो. म्हणून लिहायलोय. शाळेत निम्मं उर्दूत शिकलो, निम्मं मराठीत, कारण मधीच राज्य बदललं. चुका सापडल्या तर अर्ध्या जुन्या राजवटीच्या समजा, अर्ध्या नव्या.

माझा धंदा भाड्याच्या मोटारीचा. मोटार शेठची, हात माझे. गावात मला नकल्या म्हणतेत. तहसीलदार साहेबाची खोकल्यातली मराठी, मानवतच्या अडत्याची नाकातली हाळी, बाभळीखाली बांधलेलं गाढव, सगळे आवाज मला येतेत. पण माझी खरी करामत वेगळीच. मोटार सपाट रस्त्यानं सुरळीत चाललेली असताना मी तोंडानं ती बंद पाडून दाखवतो. "फट्... फट्... फूस." एकदा पाठीमागचे तीन वकील धक्का द्यायला खाली उतरायच्या तयारीत दार उघडून बसले होते. मोटार चालूच होती.

आता लोक मला एकच सवाल विचारतेत. "काय रं नकल्या, टाकी भरून ठिवावी का लागंल तसं वतावं?" ह्या सवालावर परभणीत दोन पंथ हायत. एक शेठचा, एक उस्तादचा.

शेठचं म्हणणं, टाकी अर्धीच बरी. का? तर भरल्या टाकीचं वजन होतं, टायर झिजतेत. उन्हाळ्यात पेट्रोल फुगून टोपणातून बाहेर येतं आन त्याचं अत्तर होऊन उडून जातं. मोटार पेटली तर जास्त पेटती. आन खरं कारण ते सगळ्यात शेवटी सांगायचे, "टाकी भरलेली असली की ड्रायव्हरला पाहुणे आठवतेत."

उस्ताद म्हणजे करीमभाई. मला गाडी त्यांनी शिकवली. एका बड्या जागीरदाराची मोटार चालवलेला माणूस. पान खाऊन, डोळे मिटून ते कानानं मोटार बघायचे. ते म्हणायचे, "टंकी के नीचे कचरा बैठता मियाँ. गाद बैठती. पेट्रोल ऊपर है तब तक गाद नीचे सोती. पेट्रोल खतम होने कू आया, के गाद उठ के नली में. खाली टंकी कैकू रखना?" मी त्यांची नक्कल त्यांच्यासमोरच करायचो. ते म्हणायचे, "हौ, आवाज तो आ गया तेरे कू. कान कब आयेगा?"

आमच्या मोटारीचं एक लक्षण हितंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोळ व्हायचा न्हाई. नव्या गाड्यांना टाकी मागं असती आन पेट्रोल ओढून घ्यायला पंप असतो. आमची म्हातारी त्याच्या आधीची. हिची टाकी समोरच्या काचेला लागून पुढं, बानेट संपतं तिथं. टोपण वर उघड्यावर, देवाच्या मुकुटासारखं. पंप-बिंप काही न्हाई. पेट्रोल आपल्या वजनानं नळीतून खाली उतरायचं आन इंजनात जायचं. नळीचं तोंड टाकीच्या पुढच्या अंगाला. सपाटीला काही अडत न्हाई. पण टाकीत पेट्रोल कमी आसंल आन गाडी चढाला लागली, तर गाडीचं नाक वर होतं, पेट्रोल टाकीच्या मागच्या भिंतीला जाऊन बसतं, आन नळी कोरडी. टाकीत पेट्रोल हाय, आन मोटार उपाशी. ताटात वाढलंय पण हात पोचत न्हाई, तसलं.

किती पेट्रोल हाय ते दाखवणारा काटा मी यायच्या आधीच मेलेला. मंग टोपण काढायचं, खाचा पाडलेली बांबूची काडी आत घालायची आन कुठवर भिजली ते बघायचं. उस्तादला काडीपण लागायची न्हाई. टाकीवर बोटानं टकटक केलं की त्यांना कळायचं.

गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळी. मानवतचे एक कापसाचे व्यापारी मोटारीत बसायच्या आधी ती दोन्ही हातांनी गदागदा हलवायचे आन कान लावायचे. आत खळखळलं की खूश. एकदा शेठ गावाला गेलेले बघून मी टाकी काठोकाठ भरली. व्यापाऱ्यांनी हलवलं. आवाज न्हाई. परत हलवलं. म्हणले, "रिकामी हाय! मला रस्त्यात मारतो का रं?" आन चालत टेसनाकडं निघाले. उथळ पाण्याला खळखळाट, हे शाळेत त्यांनी बी वाचलं आसंल, पण पेट्रोलचं म्हणून न्हवतं वाचलं.

तर ज्या भाड्यापायी मी हे लिहायला बसलो, ते लग्नाचं भाडं.

बोरीच्या अलीकडं एक वाडी. मेंढरं राखणारं घर. नवरदेवाचं नाव धुळबा. बाप न्हवता, आई होती आन सगळा कारभार मामाच्या हातात, खंडूमामाच्या. नवरी जिंतूरच्या पलीकडं, डोंगरावरच्या गावची, साळू नावाची. साळूला धुळबा पसंत होता. पण साळूच्या चुलत्याला, राणबाला, ते जमलेलं रुचलं न्हवतं. त्याच्या मनात दुसराच, जमीनवाला पोरगा होता. पंचांसमोर न्हाई म्हणता आलं न्हाई म्हणून तो गप बसला, पण जाता जाता बोललाच, "ह्यांचा नवरदेव येतोय कवा? मेंढरामागं चालत चालत पुढच्या सालाला पोचंल!"

हे बोलणं मामाला लागलं. म्हणून मोटार. तीथ लगीनसराईतली शेवटची, मुहूर्त गोरज. तो चुकला तर तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा, आन तवर राणबा काय गप बसतोय? हे सगळं मामानं मला पहिल्या भेटीतच सांगून टाकलं. म्हणला, "ड्रायवर, मुहूर्त गाठला तर पोरगी मपल्या भाच्याची. न्हाई गाठला तर राणबाची जीभ खरी."

मी आदल्या दिवशी संध्याकाळीच मोटार घेऊन वाडीत गेलो. शेठच्या नेमानं टाकी अर्धी, ती येता येता बरीच उतरली होती. बरोबर पेट्रोलचा भरलेला डबा होता. आता शेठचा आणखी एक नेम. डब्यातलं पेट्रोल टाकीत ड्रायव्हरनं वतायचं न्हाई, गिऱ्हाइकानं आपल्या हातानं वतायचं. म्हणजे ड्रायव्हरवर बालंट नगं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी निघायच्या आधी विहिरीवर आंघोळीला जाताना मी मामाला टोपण दाखवलं, डबा दाखवला आन मोटारवाल्याच्या भाषेत म्हणलं,

"मामा, मी येईस्तोवर टाकी तेवढी फुल करा. कंजूशी करू नका."

"कंजूशी? मपल्या भाच्याच्या लग्नात?" मामा छातीवर हात ठिवून म्हणला. "तुमी या तर आंघोळ करून."

आंघोळ करून आलो तर मोटार ओळखू येईना. टाकीवर झेंडूच झेंडू. टोपणाभोवती चार पदरी माळ, त्याला हळद-कुंकू, वर नारळ बसवायचा चाललेला. मी म्हणलं, सजवली आसंल, लग्नाची गाडी हाय. तरी आपली सवय म्हणून काडी काढली आन टोपणाला हात घातला, तर धुळबाच्या आईनं हात धरला.

"बाबा, पूजा झालीया तिची. आता मोडू नगंस."

"आक्का, टाकी बघायची हाय," मी म्हणलं. ती हात सोडंना.

"मामा, टाकी फुल केली का?" मी तिथूनच वरडलो.

"फुल!" मामा पटका बांधता बांधता म्हणला. "भरगच्च! तिळाएवढी जागा ठिवली न्हाई."

उस्तादसारखं टकटक करून बघितलं. बोट झेंडूवर पडलं. झेंडूचा काय आवाज येणार? काडी खिशात घातली आन हँडल मारलं.

वऱ्हाड बैलगाड्यांनी पहाटेच पुढं गेलेलं. मोटारीत आमी चौघं. पुढं मी आन मामा, मागं बाशिंग बांधलेला धुळबा आन त्याची आई. कापडाचा टप मामानं मागं पाडायला लावला, का तर, "नवरदेव दिसला पाह्यजे. इथून तिथवर दिसला पाह्यजे." बोरीत दिसला. जिंतूरमधी दिसला, तिथं तर मामानं पान खायच्या निमित्तानं मोटार बाजारातून दोनदा फिरवून घेतली. मीबी रंगात होतो. जिंतूरच्या बाहेर सपाटीला मी तोंडानं "फट्... फट्... फूस" केलं. आक्कानं देवाचं नाव घेतलं, मामा उडी मारून उभा राहिला, आन मोटार आपली चाललेली. मंग तिघंबी इतके हसले की धुळबाचं बाशिंग वाकडं झालं. "आणखी एकदा करा," मामा म्हणला. आणखी एकदा केलं.

आन मंग चढ लागला.

दिवस कलायला आला होता, पण येळ होता. पहिलं वळण चढलो. दुसरं चढलो. तिसऱ्याला मोटार म्हणली, फट्. मंग फट्... फट्... फूस.

"हुबेहूब!" मामानं टाळी वाजवली.

"मामा, मी न्हाई केलं."

"कळंना सुदिक! ओठ बी हालले न्हाईत!"

"मामा, मोटार उभी हाय."

तवा कुठं मामानं खाली बघितलं. चाकाजवळचा दगड जागचा हलंना. आक्काचं हसू थांबलं. मी उतरलो, मागच्या चाकाला धोंडा लावला, आन कुणाला न विचारता माळ बाजूला सारून टोपण काढलं. काडी घातली. काडीचं टोक तेवढं ओलं.

"मामा," मी म्हणलं, "टाकी फुल केली म्हणलात की तुमी."

"केली की! तुमच्या डोळ्यादेखत हाय. टोपलंभर झेंडू वाहिला. शेजाऱ्याच्या मळ्यातला आणला." मामाचा आवाज चढला. "तुमीच म्हणलात, टाकीला फूल करा, कंजूशी करू नका. मी म्हणलं, एक फूल कशाला, माळच घालू."

मी काडीकडं बघितलं. झेंडूकडं बघितलं. "आन त्यो डबा?"

"त्यो वासाचा? त्यो घरीच ठिवला. नवरदेवाच्या कापडाला वास लागला असता."

शाळेत आमाला गुरुजी म्हणायचे, एका शब्दाचे दोन अर्थ असतेत. कुठं असतेत ते मला त्या चढावर कळलं.

मामा मट्कन बांधावर बसला. सूर्य समोरच्या डोंगराकडं चाललेला. बैलगाड्या कवाच वर पोचलेल्या, खाली जिंतूरला जाऊन पेट्रोल आणायचं म्हणलं तर अंधारच पडंल. मामा पुटपुटायला लागला, "राणबा म्हणलाच होता. चालत येतील म्हणला होता. आता चालतच जायचं. आन चालून बी येळंला पोचत न्हाई."

मला उस्ताद आठवले. पान तोंडात घोळवत ते म्हणायचे, "चढाव पे अड गयी, तो उसकी नाक नीचे कर. पीछे से चढा. गाडी शरम नै करती, आदमी शरम करता." गाडी उलटी वळवायची, रिवस गेर टाकायचा आन पाठीकडून चढायचं. नाक खाली झालं की उरलंसुरलं पेट्रोल पुढं येतं, नळीला लागतं.

मी सांगितलं. मामा ताडकन उभा राहिला.

"न्हाई! नवरदेव पाठमोरा जायचा न्हाई. मढ्याला बी कुणी असं नेत न्हाई."

"मामा, मोटार पाठमोरी जाईल."

"आन मोटारीत कोण हाय? भाचा! पाठ नवरीकडं आन तोंड घराकडं, ह्यो काय लग्नाला चाललेला माणूस हाय का पळून आलेला? राणबा वेशीतूनच माघारी धाडंल."

मामाचं चुकत न्हवतं. आक्का पदरानं डोळे पुसायला लागली. तवर नवरदेवानं दिवसभरात तोंड उघडलं न्हवतं. लाजाळू गडी. तो शांतपणानं उठला, जोडे काढले, मागच्या गादीवर गुडघे टेकून फिरून बसला. टप पडलेलाच होता. पाठ आमच्याकडं, तोंड मोटारीच्या मागच्या बाजूला.

"वळवा मोटार," तो म्हणला. "तिचं तोंड कुठं बी असू द्या, मामा. मपलं तोंड साळूच्या गावाकडं हाय."

मामानं त्याचं बाशिंग सरळ केलं. मंग हळूच म्हणला, "कट्यार उजव्या हातात धर."

मोटार वळवायला आमी तिघांनी खांदा लावला, नवरदेवाला उतरू दिलं न्हाई. हँडल मारलं. म्हातारी खोकली, थुंकली आन सुरू झाली. रिवस टाकला. आता अडचण अशी, की मागं बघावं तर मधी बाशिंग. मला नुसती त्याची पाठ आन बाशिंगाची गाठ दिसायली. मी म्हणलं, "धुळबा, मला रस्ता दिसंना. तुमीच सांगा."

"कसं सांगू?"

"मेंढरांना सांगता तसं."

मंग जे झालं ते माझ्या आयुष्यात परत झालं न्हाई. तो लाजाळू गडी छाती फुगवून हाळी द्यायला लागला. "हिर्र हिर्र" म्हणलं की डावीकडं. "हुर्र हो" म्हणलं की उजवीकडं. दरीकडं जास्त सरकलो की "टट् टट् टट्!" आन मी खरंच थांबायचो, मेंढीसारखा. त्याला माझी मान दिसत न्हवती, मला त्याचं तोंड दिसत न्हवतं, पण आमचं जमलं. वळणामागून वळण चढत गेलो. जगाच्या नकला करणारा मी, त्या दिवशी एका धनगराचं मेंढरू झालो, आन सांगतो, लय आराम वाटला. आपल्याला कायच बघायचं न्हाई, हाळी आली की वळायचं.

गाव चढाच्या टोकालाच. वेशीत गर्दी. वाजंत्री सुरू झाली आन मधीच थांबली. आरतीचं ताट घेतलेल्या बाया मोटारीच्या तोंडाकडं धावल्या, तिथं झेंडूचा ढीग आन मी. परत मागं धावल्या, तिथं नवरदेव गुडघ्यावर, कट्यार धरून, एखाद्या रथात बसल्यासारखा.

राणबा पुढं आला. डोळ्यात उजेड आलेला. माणसाला हवी ती गोष्ट सापडली की येतो तसला.

"हे काय? मोटार उलटी? अपशकुन ह्यो! ढुंगण पुढं करून कुणी सोयऱ्याच्या दारात येतं का?"

भटजी आभाळाकडं बघायले. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. मामा नुसता पटका सावरायला लागला. मंग माझं तोंड आपोआप उघडलं, आन त्यातून आवाज निघाला तो जागीरदाराच्या कारभाऱ्याचा, जो मी उस्तादकडून उचलला होता. जड, सावकाश, अदब असलेला.

"पाहुणे, आमच्या नवरदेवाच्या भावकीची चाल हाय. घरातून निघताना बिरोबाला पाठ दाखवायची न्हाई. दरबारात कसं, मागं मागं सरत बाहेर यायचं? म्हणून मोटारीचं तोंड अख्ख्या वाटनं देवाकडं, आन नवरदेवाचं तोंड नवरीकडं. दोघांचाबी मान राहिला."

"आमच्यात असलं काय न्हाई," राणबा म्हणला.

आता मामा पुढं सरला. "तुमच्यात न्हाई, आमच्यात हाय! न्हाई तर इतक्या लांबून उलटं यायला आमाला काय याड लागलंय?"

उलटं यायला खरंच काहीतरी मोठं कारण लागतं, हे सगळ्यांना पटलं. एक म्हातारा म्हणला, "लय कडक चाल हाय बुवा." दुसऱ्यानं मोटारीला हात जोडले. भटजी म्हणले, "चाल नंतर बघा, घटका चालली," आन धुळबाला ओढत मांडवात नेलं. अक्षता पडल्या तवा उजेड होता. मी स्वतः बघितलं. राणबाच्या हातातल्या अक्षता सगळ्यात शेवटी पडल्या, पण पडल्या.

दुसऱ्या दिवशी नवरीला घेऊन निघालो. साळू मोटारीत बसली, रडून झालं, आन वेस ओलांडल्यावर पदराआडून मला म्हणली, "ड्रायवरभाऊ, जाताना सरळ चालली व्हय मोटार? बिरोबा आता पुढं हाय म्हणून?"

"न्हाई वहिनी," मी म्हणलं. "उताराला पेट्रोल पुढं येतं म्हणून."

ती हसली ती जिंतूर येईस्तोवर. धुळबा गप. त्याचा आवाज बसला होता.

हे सगळं मी शेठला सांगितलं. शेठनं एकच विचारलं, "इतकी उलटी चालवली, तर मैलाचा आकडा बी उलटा फिरला का रं?" पण तवापासून डोंगराच्या वाटंला टाकी भरून न्यायची परवानगी मिळाली.

उस्तादला सांगितलं तर ते पान थुंकून खूप हसले. मंग गंभीर झाले. म्हणले, "मामा की क्या गलती? तू 'फुल' कैकू बोला? 'भर' बोलता तो जीभ झिजती थी क्या? जिसके घर जाना, उसकी बोली में बोलना." हैदराबाद राज्याची वाटणी होऊन आमचा मुलूख मुंबई राज्यात आला तवा उस्ताद लेकीकडं हैदराबादला गेले, ते तिकडंच राहिले. आता मी त्यांची नक्कल केली की लोक हसतेत. पण टाकीवर टकटक केली की मला अजून काडीच काढावी लागती. आवाज आला, कान काय आला न्हाई.

तर सवालाचा जवाब: टाकी भरून ठेवा. आन सांगताना भरा म्हणा. फुलं वरून घाला.

आता ह्या उन्हाळ्यातलं सांगतो आन थांबतो. त्याच डोंगराकडचं लग्नाचं भाडं आलं. नवरदेव गंगाखेडकडचा, वऱ्हाड शेतकऱ्यांचं, मेंढरांचा संबंध न्हाई. टाकी मी माझ्या डोळ्यांसमोर काठोकाठ भरून घेतली, काडीनं दोनदा बघितली. चढाच्या पायथ्याला आलो, तर पाठीमागं बसलेल्या नवरदेवाच्या आज्यानं, आबांनी, माझ्या खांद्यावर काठी टेकवली.

"थांब. मोटार वळव."

"कामून, आबा?"

"ह्या डोंगरावर नवरदेवाची मोटार उलटी जाती. इथली चाल हाय. देवाला पाठ दावीत न्हाईत."

मी म्हणलं, "आबा, कवापासूनची चाल?"

"पूर्वापार," आबा म्हणले. "वाडवडिलापासून."

"पण आबा, टाकी भरलेली हाय. सरळ चढती."

आबांनी माझ्याकडं लय कीव करून बघितलं. "टाकीचा काय संबंध? ह्या धंद्यात नवा दिसतूस."

मागं नवरदेव कवाच जोडे काढून, गुडघे टेकून, फिरून बसला होता.

"व्हय आबा," मी म्हणलं, "शिकायलोय." आन रिवस टाकला.